भिंगरीचा पाठ

भर गंगावेशीत मी बायकोचं लुगडं नेसून म्हशीखाली बसलोतो, ही गोष्ट खरी हाय. त्यात लपवायचं काय न्हाय. पण गावात एकेकजण ती अशी रंगवून सांगतोय, की जणू मी पायांत चाळ बांधून नाचलो. माझ्याशेजारी म्हशी उभ्या करणाऱ्या पिराजीनं तर सांगताना माझ्या हातांत बांगड्यासुदीक भरल्या. तवा एकदा माझ्या तोंडानं ऐका, आन् मग काय हसायचं ते हसा.

आम्ही वडणग्याचं. नदीवरचा पूल ओलांडला की कोल्हापूर. माझा बा म्हशी घेऊन तिथल्या गंगावेशीत जायचा, त्येच्यामागं मी जातोय. पावणं, तुम्ही परगावचं असशीला तर एवढं ध्यानात घ्या: वेशीतलं गिऱ्हाईक घरनं काढून आणलेल्या दुधाला हात लावत न्हाय. पाणी घातलंय म्हणूनच धरतंय. म्हस कट्ट्याला न्यायची, उभी करायची, आन् गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट त्येच्या भांड्यात ओतायची. तालमीतली पोरं तर तांब्या तोंडाला लावून जाग्यावरच रिकामा करत्यात. मीपण त्यातलाच एक हुतो. मान दुखावली तवा लंगोट खुंटीला टांगला आन् म्हशीच्या शेपटीमागं लागलो.

शालन माझी बायको. गडहिंग्लजकडची, बी.ए. झालेली. बी.ए. झालेली पोरगी चौथी नापास पैलवानाला कशी काय दिली, असं अजून लोक मला तोंडावर इचारत्यात. तिचा बा आन् माझा बा जुने दोस्त, शब्द देऊन बसलेले. बघायला गेलतो तवा पोह्यांची ताटली खाली ठिवून तिनंच मला इचारलं, सगळ्यांसमोर, "मला मास्तरीण व्हायचंय. शिकू देशीला काय?" मी व्हय म्हटलं. तोंडात पोहं हुतं म्हणून म्हटलं असंल, पण म्हटलं. एकदा व्हय म्हटल्यावर पैलवान गड्यानं माघारी फिरायचं नसतंय.

लग्नात तिच्या बानं भांडीकुंडी दिली न्हाईत, रेडी दिली. पंढरपुरी जातीची, शिंगं पार पाठीवर गेलेली, अंगानं सडपातळ आन् डोकं तापट. तिचं नाव भिंगरी. शालननं रेडकू असल्यापास्नं तिला हातानं चारलेली. तिच्याबिगर दुसऱ्या कुणी हात लावला की ही फिरलीच. मला तर दावं सोडायपुरतंच जवळ येऊ द्यायची.

आता माझ्या आईचं सांगतो. तिला सारं गाव आक्का म्हणतंय, मीपण म्हणतो. शालननं बी.एड.चं नाव काढलं तवा आक्का चुलीपुढनं उठलीसुदीक न्हाय. म्हणली, "एक वरीस दिलं. त्या वरसात झालीस मास्तरीण तर झालीस. न्हाय झालीस, तर ह्या घरात पुन्हा ते नाव न्हाय."

"एक बास हाय, आत्ती," शालन म्हणली.

झालं. पण त्या वरसानं आमची परीक्षा घ्यायचं ठरवूनच ठिवलंतं. आमची थोरली म्हस आटली. ऊन शिमग्याच्या आधीच तापलं, ओढ्याकडचं गवत वाळून कोळ झालं. भिंगरी व्याली, पण रेडकू जगलं न्हाय. आन् रेडकू गेल्यावर भिंगरीनं दूध वरच चढवून धरलं. कास तटलेली, सड टंच, पण थेंब न्हाय. घरातली दुधाची म्हस ती एकच, आन् ती अशी रुसलेली.

शालन तिच्यापाशी जाऊन बसली. दुसरं काय करणार? एका हातानं कास कुरवाळायची, आन् दुसऱ्या दिवशीचा पाठ तोंडानं म्हणायची, कारण अभ्यासाला दुसरा वेळच न्हवता. पहाटं गोठा. सकाळचं दूध गावच्या सोसायटीला घातलं की चालत कॉलेज. कॉलेज सुटलं की मंगळवार पेठेत एका बाइंडिंगवाल्याकडं छापील पानांच्या घड्या घालायच्या. तिथनं तशीच वेशीत. मी म्हस घेऊन आधी पोचलेला असायचो, ती येऊन खाली बसायची. मग गिऱ्हाइकं संपली की आम्ही तिघं पुलावरनं माघारी: पुढं भिंगरी, मधी मी, मागं शालन. कवा कवा ती चालता चालता झोपायची. मी हात धरून ओढायचो.

तर पाठ. बी.एड.ला पोरांना शिकवून दाखवावं लागतंय, त्याला पाठ म्हणत्यात. ती म्हशीखाली बसून म्हणायची, "विद्यार्थी मित्रांनो, कालच्या तासाला आपण काय पाहिलं?" भिंगरी कान हलवायची. शालनच उत्तर द्यायची, मग पुढचा प्रश्न. असं करत करत एका पहाटं भिंगरीनं मान खाली घातली आन् पान्हा सोडला. चरवीत पहिली धार वाजली तवा आक्का देवापुढनं उठून दारात आली. "काय गं, म्हशीला बी.एड. करतीयास काय?" म्हणली. पण हसली. त्या सालात आक्का हसली म्हणजे सण झाला.

कॉलेजात काय सुखाचं हुतं असं न्हाय. शेजारी बसायला पोरी मागंपुढं करायच्या. एकदा पाठ बघायला आलेल्या बाईंनी तिला बाजूला घेतलं आन् म्हटल्या, तुमच्या अंगाला गोठ्याचा वास येतो, वर्गावर जाताना जरा काहीतरी लावत जा. घरी येऊन शालननं त्या बाईंची नक्कल करून दाखवली, नाक मुरडून. मीपण हसलो. मग ती जेवली न्हाय. दुसऱ्या दिवशी नदीवर अंगाला दगड घासून घासून कातडं लाल केलंन्. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या बाईंच्या दारात भिंगरी नेऊन बांधू का म्हटलं. शालन म्हणली, "नको. त्यांनी माझा फळा बघितला न्हाय अजून."

तिचा फळा म्हणजे वेगळंच परकरण. धार काढून काढून तिच्या मुठीत असलं बळ आलंतं, की खडू धरला की मोडायचा. चट् मोडायचा, पोरं हसायची. मग ती रोज घरी कोळशानं भिंतीवर लिहायला लागली, हलक्या हातानं, कोळसा न मोडता. गोठ्याची भिंत कुठनं कुठपत्तोर अक्षरांनी भरली. आक्कानं ती सारवली न्हाय. कुरकुरली, पण सारवली न्हाय.

शेवटचा मोठा पाठ शिमगा झाल्यावर हुता. बाहेरच्या गावचा परीक्षक येणार, मागच्या बाकावर बसून बघणार. तो चुकला की वरीस गेलं. आन् वरीस गेलं की आमच्या घरात सगळंच गेलं, हे तुम्हाला सांगितलंच.

तिनं भूगोल घेतला. आठवीचा वर्ग, नदीचं काम. बाकीच्या पोरींनी रंगीत तक्ते विकत आणलं. शालननं मला दोन दगड मागितलं. म्हणली, "एक जोतिबाच्या डोंगराकडचा, धार असलेला. एक आपल्या नदीतला, गुळगुळीत." डोंगराकडचा आणला, त्याला काय अक्कल लागत न्हाय. नदीतल्याला मात्र मी म्हस धुताना बुड्या मारल्या. एक वर काढला की वाटायचं ह्यापेक्षा खाली बरा असंल. शेवटी असा घावला, काळाभोर, हातात घेतला की सोडू नये वाटायचा. शालननं तो गालाला लावून बघितला. "नदीनं किती वर्षं घासला असंल हो," म्हणली. मला नदीचं काय माहीत? मी तिच्या गालाकडं बघत हुतो.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी ती वेशीत आली ती तोंड उतरवून. गिऱ्हाइकं हुती तवर बोलली न्हाय. पुलावर आल्यावर म्हणली, "माझा पाठ सकाळच्या पहिल्या तासाला हुता. तो दुपारच्या शाळेच्या शेवटच्या तासाला गेला."

"मग?"

"मग काय? शेवटचा तास पाचला. धारपण पाचला."

पुलाखालनं नदी वाहत हुती, उन्हाळ्याची, हाडं वर आलेली. एक वेळची धार चुकवली तर कास दगड हुती, सड बसतोय. रेडकू गेलेली म्हस, एकदा आटली तर आटलीच. आन् वेशीतलं गिऱ्हाईक कुणासाठी थांबत न्हाय. पिराजी शेजारीच तीन म्हशी घेऊन उभा असतोय, आमची गिऱ्हाइकं कधी तुटत्यात ह्याची वाट बघत.

"तू जायचं सोडतीस का काय?" मी इचारलं.

शालन रस्त्यातच थांबली. "काय म्हटलासा? मी जाणार. ते इचारूच नका. भिंगरीचं काय करायचं ते बोला."

घरी आल्यावर बोललो. आक्काची बोटं संधिवातानं आखडलेली, तिला मूठ वळत न्हाय. शेजारच्या बायका भिंगरीला भिऊन कुंपणाच्या अलीकडं येत न्हाईत. राहिलो मी. पहाटं मी बनियनवर बसलो तिच्याखाली. सडाला हात लावला न्हाय तवर भिंगरीनं असा पाय झाडला, की चरवी गोठ्याच्या पार दारात जाऊन आदळली आन् मी शेणात.

आक्का दारात उभी हुती. म्हणली, "गडी बघितला की बिथरतीया. शालनचं लुगडं नेस."

"आक्का!"

"आक्का काय? नेस म्हटलं ना. बाचा धंदा चालवायचा हाय का मिशा चालवायच्या हायेत?"

गोठ्यातल्या खुंटीवर शालनचं धारंचं लुगडं असायचं. जुनं, हिरवट नऊवारी, शेण, दूध, पेंडीचं आंबोण, सगळ्याचा वास मुरलेलं. शालननंच मला नेसवलं. तिचं तोंड हसण्यानं फुगलंतं, पण हसली न्हाय. कासोटा खोचला, डोक्यावर पदर ओढला, आन् स्वतः बाजूला खांबाला टेकून दोन्ही दगड हातात घेऊन पाठ म्हणत बसली. तिला तिची काळजी. मी हळू हात लावला. भिंगरीनं माझ्याकडं वळून बघितलं, पदर हुंगला, फुर्र केलं. आन् थोड्या वेळानं पान्हावली.

"झालं की!" आक्का ओरडली. "तू नीघ कॉलेजला. आन् तू सांजचं असाच बस वेशीत."

शालन जाताना माझ्या पाया पडायला वाकली. आपल्यात असलं काय चालत न्हाय, पण त्या दिवशी वाकली. मी म्हटलं, "अगं लुगड्याच्या पाया पडतीयास का माझ्या?" तवा ती हसली. पिशवीत दोन दगड, खडू आन् भाकरी. पांढरं, निळ्या काठाचं पातळ नेसून गेली. वळून बघितलं न्हाय.

आता ऐका काय झालं ते. दुपारी मी गवताला गेलतो. आक्काच्या मनानं काय घेतलं, की पोरगं भर वेशीत लुगडं नेसणार, चारचौघं बघणार, तर निदान घाणेरडं तरी नको. तिनं ते लुगडं ओढ्यावर नेलं, साबण लावला, आपटून आपटून धुतलं, वाळवलं, घडी घातली. मला काय सांगितलं न्हाय. मला वाटलं, म्हातारी मायेनं घडी घालून देती.

आक्काला संगती घेऊन वेशीत पोचलो तवा कट्टा भरलेला. पिराजी हुताच. श्रीपालअण्णा भांडं घेऊन कट्ट्यावर बसलेलं. अण्णा कापडवालं, शिस्तीचा माणूस. गेली कित्येक वर्षं आमच्याच म्हशीचं दूध, पण धार पहिली पायजे आन् वेळेवर पायजे. तालमीतली पोरं अंगावर लाल माती तशीच घेऊन तांबे हातात धरून उभी. त्यांच्यात रफिक. रफिक आन् मी एकाच मातीत लोळलो. त्यो अजून खेळतोय, मी न्हाय.

"बाई कुठं?" अण्णांनी इचारलं.

"परीक्षेला गेल्यात. आज मीच."

पिराजी फिस्सकन हसला. मला वाटलं, आधी नुसता पदर खांद्यावर टाकून बघावं, सगळं नेसायला लागू नये. टाकला. भिंगरीनं शिंग हलवलं, मी मागं. आक्का दावं धरून उभी हुती, डोळं वटारून माझ्याकडं बघायला लागली. तवा मी भिंतीकडं तोंड केलं आन् विजारीवरनंच लुगडं गुंडाळलं. कासोटा मागं खोचला. पदर डोक्यावरनं घेतला. वळलो.

अहो, काय तो गलका! कुणी शिट्टी मारली. कुणी म्हटलं, "अगं बया, मिशा कवा फुटल्या?" पिराजी म्हशीच्या पाठीवर थापा मारून हसत हुता. "वैनी, वैनी, आमच्यापण म्हशीची धार काढशीला काय?" ज्या वेशीतनं मी कुस्ती मारून गुलाल अंगावर घेऊन वाजतगाजत गेलतो, त्याच वेशीत. कान तापले. एकाला धरून आपटावं असं वाटलं. पण हातात चरवी हुती आन् पाच वाजून गेले हुते. मी मलाच म्हटलं, आकाराम, ती आता वर्गात उभी असंल. बस खाली.

बसलो. सडाला हात लावला. भिंगरीनं वळून पदर हुंगला. हुंगला आन् अशी मान झटकली, जणू माझ्या अंगाला काय घाण लागलीया. पाय नाचवले. कास कुरवाळली, दाबली, ओढली. थेंब न्हाय.

मग मी पदर स्वतःच्या नाकाला लावला. साबण. नुसता साबण.

"आक्का, तू लुगडं धुतलंस?"

आक्काचं तोंड एवढंसं झालं. "आरं, म्हटलं, चारचौघांत..." एवढंच म्हणली. आन् माझी आक्का, जी बा गेला तवापण उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचा राग आला आन् तिची मायापण आली, दोन्ही एकदम.

"आकाराम, आमच्या घरी लेकराचं दूध हाय," श्रीपालअण्णा उठले. रागानं न्हाय, पण उठले. पिराजीनं लगीच आपल्या म्हशीखाली चरवी लावली. "या अण्णा, इकडं या. आमच्यात नाटक न्हाय."

मी डोकं भिंगरीच्या मांडीला टेकवलं. म्हटलं, भवाने, पहाटं दिलंस की. पहाटं काय हुतं जे आता न्हाय? लुगडं हुतं, मी हुतो. वास गेला, ते खरं. पण आणखी काय? पहाटं आणखी काय हुतं? आन् मला एकदम शालन दिसली, खांबाला टेकलेली, हातात दोन दगड.

लुगडं नेसणं सोपं हुतं हो. ते अंगावरचं. पण तोंडानं पाठ म्हणायचा, चौथीत गुरुजींनी ज्याला बाकावर उभं करून घरी धाडलं त्यानं, एवढ्या लोकांत? तोंड उघडंना. मग उघडलं.

"विद्यार्थी मित्रांनो," मी म्हटलं.

मला वाटतंय, माझं डोकं फिरलं असंच सगळ्यांना वाटलं असंल.

"विद्यार्थी मित्रांनो, माझ्या हातात दोन दगड आहेत. ह्यात तुम्हाला काय फरक दिसतो?" अगदी तिच्या आवाजात न्हाय, पण तिच्या चालीवर. रोज पहाटं ऐकलेलं. "एक खरबरीत आहे. एक गुळगुळीत आहे. हा डोंगरावर सापडला. हा नदीत सापडला. सांगा पाहू, नदीतला दगड गोल का झाला?"

भिंगरीचा कान हलला.

"सांगा पाहू," मी जरा मोठ्यानं म्हटलं, "नदीतला दगड गोल का झाला?"

पिराजी हसायला लागला, तेवढ्यात रफिक पुढं आला. लाल मातीनं माखलेला, असला रेड्यासारखा गडी. भिंगरीच्या कासंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. दोस्त हाय त्यो. हाताची घडी घालून पोरासारखा उभा राहिला आन् म्हणला, "घासून घासून, गुरुजी."

"शाब्बास! कुणी घासला?"

"पाण्यानं," तालमीतली दुसरी पोरं ओरडली.

"नदी डोंगरात असते तेव्हा काय करते? उतार असतो, जोर असतो. तेव्हा ती जमीन खणते. काय करते?"

"खणते!" अख्खा कट्टा.

मला हाताखाली कळलं. सड फुगला, गरम झाला. मी अंगठा मुडपला आन् मूठ दाबली. चरवीत धार वाजली. आक्कानं दावं सोडून तोंडावर पदर घेतला. श्रीपालअण्णा जागच्या जागी थांबले, माघारी फिरले आन् भांडं घेऊन पुन्हा कट्ट्यावर येऊन बसले.

मग काय इचारता! "नदी सपाट मुलखात आली की काय करते? डोंगरातनं आणलेलं सगळं वाहून नेते. आपली पंचगंगा इथं जवळच प्रयागला एकत्र होते आणि पुढं कुठं जाते?" एक म्हातारा म्हणला, "वाडीला!" दुसरा म्हणला, "नृसिंहवाडीला, कृष्णंला मिळती की!" मी शाब्बास म्हणायचो आन् दाबायचो. अण्णांचं भांडं भरलं. रफिकचा तांब्या भरला. नवीन माणसं थांबायला लागली. लुगडं अंगावर हाय हे मी पार इसरलो. पदर खांद्यावर आला, त्योपण इसरलो. खरं सांगू? कुस्ती मारल्यावर असं वाटायचं. त्याहून बरं वाटत हुतं.

आन् मग आलो शेवटाला.

"आणि नदी मुखाशी आली की... मुखाशी आली की काय करते?"

मला येईना. तिथनं पुढचं मी कधी ऐकलंच न्हवतं. रोज पहाटं शालन तिथवर यायची तवा मी आंबोणाची पाटी आणायला उठायचो. भिंगरीचा कान थांबला. अजून तालमीतली चार-पाच पोरं रिकामे तांबे घेऊन उभी, आन् हाताखालचा सड ढिला पडायला लागला.

"सांगा पाहू," मी लोकांनाच इचारलं. "मुखाशी आली की नदी काय करते?"

रफिकनं डोकं खाजवलं. आक्का देवाचं नाव घ्यायला लागली. पिराजी म्हणला, "झाला मास्तर नापास!"

"मी सांगू का, गुरुजी?"

आवाज माणसांच्या मागनं आला. सगळी वळली. शालन उभी हुती, हात वर करून, वर्गात पोरी करत्यात तसा. धावत आलेली. पांढऱ्या पातळाला घाम, कोपरापत्तोर खडूची पूड. माझ्याकडं बघत हुती. लुगड्याकडं न्हाय, माझ्याकडं. मला तिच्या तोंडावरनं काय कळंना, झाला का न्हाय झाला.

"सांग," मी म्हटलं.

"मुखाशी आली की नदीचा जोर संपतो. मग तिनं एवढ्या लांबून आणलेलं सगळं ती खाली ठेवते. तो गाळ. त्याला संचयन म्हणतात. आणि त्याच गाळात पुढं पिकं उभी राहतात, गुरुजी."

भिंगरीनं तिचा आवाज ऐकून मान वळवली आन् हंबरली. सड असा भरून आला, की दाबायलासुदीक लागंना.

"शाब्बास," मी म्हटलं. "तुझा?"

"झाला."

"खडू?"

"एकपण मोडला न्हाय."

"आन् आपला गोटा?"

"परीक्षकांनी ठिवून घेतला. म्हणाले, हा मी माझ्या वर्गाला दाखवणार. तुम्हाला शाळा मिळाली की दुसरा शोधून घ्या." तिचा आवाज तिथं कापला. "मिळाली की, असं म्हणाले. मिळाली तर, असं न्हाय."

आक्कानं पुढं होऊन भर रस्त्यात सुनंच्या तोंडावरनं हात फिरवला, दोन्ही हातांनी, त्या वाकड्या बोटांनी. शालननं डोळं पुसलं, पातळाचा घोळ वर घेऊन खोचला आन् माझ्याशेजारी येऊन खाली वाकली.

"उठा आता. द्या चरवी. मी बसतो."

सगळा कट्टा बघत हुता. पिराजीपण. मी पदर पुन्हा नीट डोक्यावर ओढला.

"जाग्यावर जाऊन बस," मी म्हटलं. "तास माझा चाललाय."